रुग्णालयाच्या दारापलीकडची विचारपूस

आमच्या खेड्यापाड्यांतून ‘औषध’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. दवाखान्यातून कागदात बांधून आणलेल्या गोळ्या हेही औषध आणि पिकावरील किडीसाठी कृषिकेंद्रातून आणलेले विष हेही औषधच. त्यामुळे ‘रात्री त्यांनी औषध घेतलं’ एवढाच निरोप शेजारच्या गावाहून आला, म्हणजे सांगणाराच्या आवाजावरूनच त्याचा अर्थ लावावा लागतो. पुढचे सारे जणू ठरल्याप्रमाणे होते. मिळेल त्या जीपने तालुक्याचे रुग्णालय, तेथून रुग्णवाहिकेने जिल्ह्याचे; अपघात विभागातील धावपळ, नाकातून घातलेली नळी, आठ-दहा दिवसांची खाट; शुद्ध आल्यावर जबाब घ्यावयास आलेला हवालदार, आणि ‘फवारताना वाऱ्यानं तोंडात गेलं’ हे घरच्यांनी आधीच पढवून ठेवलेले उत्तर. मग एके दुपारी घरी सोडल्याचा कागद हाती पडतो. त्याच्या तळाशी ‘आठ दिवसांनी दाखवण्यास यावे’ असे घाईघाईत लिहिलेले असते. तो कागद एक्स-रेच्या फिल्मबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो आणि पिशवी फडताळात. आठ दिवसांनी दाखवण्यास बहुधा कोणी जात नाही, आणि का आला नाहीत, अशी चौकशीही कोठून होत नाही.

ती न झालेली चौकशी हाच या लेखाचा विषय आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाच्या शरीरावर उपचार करण्याचे शास्त्र गेल्या शतकात पुष्कळ पुढे गेले. परंतु तो माणूस रुग्णालयाच्या पायऱ्या उतरून ज्या घरात, ज्या कर्जात आणि ज्या अबोल्यात परत जातो, तेथवर त्याच्या मागोमाग जाण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बहुतेक देशांत अनुत्तरितच राहिला. वास्तविक धोका सर्वाधिक असतो तो याच काळात. मनोरुग्ण विभागांतून घरी गेलेल्यांविषयीच्या जगभरातील शंभर अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील आत्महत्येचे प्रमाण वर्षाकाठी लाखामागे अकराशेच्या वर आढळले. आपल्या देशातील सर्वसाधारण प्रमाण २०२२ च्या सरकारी नोंदीनुसार लाखामागे १२.४ होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या तीन महिन्यांचा अर्थ कळतो. त्याच वर्षी भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. एका मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न घडतात असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. ते येथे लागू धरले, तर या राज्यात दरसाल साडेचार लाखांच्या आसपास वेळा कोणीतरी त्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत येते.

परत आलेला माणूस आज ना उद्या पुन्हा तेच करणार, अशी एक समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे, आणि ती निराधार आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून १९३७ ते १९७१ या काळात ज्या ५१५ लोकांना प्रयत्न करताना अडवण्यात आले, त्यांचा माग रिचर्ड सायडन या संशोधकाने काढला, तेव्हा शेकडा चौऱ्याण्णव लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारलेले होते. अन्यत्र झालेल्या दीर्घकालीन पाहण्यांतही वाचलेल्यांपैकी दहांतील नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत असेच दिसून आले. मरणाची ती ओढ बहुतेकांच्या बाबतीत ओसरणारी असते. ती ओसरेपर्यंत कोणीतरी सोबत असावे, एवढीच या माणसांची निकड आहे.

ही सोबत पत्राने होऊ शकेल, हा विचार ज्याने प्रथम शास्त्राच्या कसोटीवर लावला तो जेरोम मोटो हा सॅन फ्रान्सिस्कोचाच मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लष्करी मालमोटार चालवणाऱ्या या तरुणाला परदेशी असताना एका मुलीची पत्रे येत. रवाना होण्यापूर्वी तिची थोडीशी ओळख झाली होती, आणि पत्रांत तिच्या रोजच्या दिवसाच्या साध्या हकिकतींपलीकडे फारसे काही नसे. तरीही आपली आठवण कोणी ठेवून आहे या जाणिवेने त्या दिवसांत आपल्याला जो आधार दिला तो त्याला पुढे डॉक्टर झाल्यावरही विसरता आला नाही. १९६९ साली त्याने जो प्रयोग आरंभला त्याच्या मुळाशी ही आठवण होती. नैराश्यामुळे किंवा आत्मघाताच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या ३,००५ जणांची यादी त्याने केली, आणि घरी गेल्यावर महिन्याभराने ज्यांनी पुढील उपचारांना नकार दिलेला होता किंवा ते सोडून दिले होते, असे ८४३ जण त्यांतून वेगळे काढले. वैद्यकाने ज्यांच्यापुढे हात टेकले होते, असेच हे लोक. त्यांच्यातील एका गटाला त्याने पत्रे पाठवली. दुसऱ्याला पाठवली नाहीत.

पत्रात असे ते काय? तुम्हाला येथून जाऊन काही दिवस झाले, तुमचे बरे चालले असेल अशी आशा आहे, चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल, एवढाच त्याचा आशय. रुग्णालयात ज्याने त्या माणसाशी बोलणे केले होते त्याचीच खाली सही. मजकूर दर वेळी थोडा निराळा, म्हणजे छापील परिपत्रकाचा वास त्याला येऊ नये. कोणी उत्तरात काही लिहिले असेल तर पुढच्या पत्रात त्याची दखल. उपदेश नाही, तपासणीला या असा आग्रह नाही, प्रकृतीविषयी उलटतपासणी नाही. पहिले चार महिने दरमहा, नंतरचे आठ महिने दोन महिन्यांतून एकदा आणि पुढची चार वर्षे तीन महिन्यांतून एकदा, अशी पाच वर्षांत एकंदर २४ पत्रे. आपल्याकडील जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ असे लिहिण्याचा जो शिरस्ता होता, आणि ज्याला शाळेत आम्ही निव्वळ मायना म्हणून घोकले, त्याहून या पत्रांत अधिक काही नव्हते. क्षेम विचारणे हेच त्यांचे सर्वस्व होते.

पहिल्या दोन वर्षांत पत्रे गेलेल्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण शेकडा १.८० राहिले, न गेलेल्यांचे ३.५२. पाचही वर्षे पत्रांच्या गटाचे प्रमाण कमीच होते; पत्रे थांबल्यावर मात्र दोन्ही गटांतील अंतर हळूहळू मिटत गेले आणि चौदाव्या वर्षी ते उरलेच नाही. या शेवटच्या तपशिलाकडे टीकाकार प्रयोगाची मर्यादा म्हणून बोट दाखवतात. मला त्याचा अर्थ उलट वाटतो. जोवर कोणी विचारीत होते तोवर फरक पडत होता आणि विचारणे थांबल्यावर तो सरला, यावरून विचारण्यातच गुण होता असे सिद्ध होते. ज्या आधाराचे बळ आधार काढून घेतल्यावरही कायम राहील, असा आधार कुटुंबातसुद्धा कोणाला मिळत नाही.

मोटोच्या मागून गेलेल्यांची वाट मात्र सरळ नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे ग्रेगरी कार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषप्राशनानंतर दाखल झालेल्या ७७२ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभरात आठ पोस्टकार्डे, बंद लिफाफ्यातून, धाडली. त्यात पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही. पण प्रयत्नांची एकूण संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, म्हणजे जे पुनःपुन्हा त्या वाटेला जात त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे हाच उपाय सहा पोस्टकार्डांनी करून पाहिला, तेव्हा रुग्णांचा पूर्वेतिहास हिशेबात धरल्यावर काहीच फरक शिल्लक राहिला नाही. आणि तेहरानमध्ये, जेथे विषबाधेच्या रुग्णांसाठीच एक मोठे रुग्णालय आहे, तेथे २,३०० रुग्णांपैकी निम्म्यांना आठ पोस्टकार्डे व वाढदिवसाचे एक शुभेच्छापत्र धाडले असता वर्षअखेर पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.१ वरून ३.० वर उतरले, आणि मरणाचे विचारही घटले. श्रीमंत देशांत, जेथे रुग्णाला नेहमीच्या उपचारांतूनच पुष्कळ काही मिळते, तेथे एका पोस्टकार्डाची भर ती केवढी पडणार? जेथे रुग्णाला रुग्णालयाबाहेर काहीच मिळत नाही, तेथे तेच पोस्टकार्ड सर्व काही ठरते, असा या विसंगतीचा एक उलगडा संभवतो. आणि तो आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

फ्रान्सने टेलिफोनची वाट धरली. उत्तर फ्रान्समधील १३ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून आलेल्या ६०५ जणांच्या अभ्यासात, महिन्याभराने केलेला दूरध्वनी ज्यांच्यापर्यंत खरोखर पोहोचला त्यांच्यात सहा महिन्यांत पुन्हा प्रयत्न करणारे शेकडा १२ निघाले आणि दूरध्वनी न झालेल्यांत २२; न पोहोचलेल्यांनाही हिशेबात घेतल्यावर मात्र फरक इतका ठळक राहिला नाही. गिओम वेव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढ्यावर न थांबता पत्ता-क्रमांकाचे कार्ड, दूरध्वनी आणि पोस्टकार्डे यांची एक साखळी बांधली आणि २०१५ पासून लीलच्या परिसरात ‘व्हिजिलान्स’ नावाने ती कायमची सुरू केली. आता ती देशभर पसरली आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोन्राड मिशेल व आन्या गायसिन-माइयार यांनी तीन बैठकांत रुग्णाकडून त्याची कहाणी त्याच्याच शब्दांत ऐकून घेऊन पुढे दोन वर्षे सहीची पत्रे पाठवण्याची पद्धत बसवली, आणि १२० रुग्णांतील पहिल्या चाचणीत तिचे यश डोळे दिपवणारे ठरले; फिनलंडमध्ये मात्र तिची तुलना चांगल्या समुपदेशनाशी केली असता ती सरस ठरली नाही.

आपल्यासाठी सर्वांत मोलाचा अभ्यास तो जागतिक आरोग्य संघटनेचा, ज्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ब्राझीलमधील कँपिनास, श्रीलंकेतील कोलंबो, इराणमधील करज, चीनमधील युनचंग आणि आपले चेन्नई या पाच ठिकाणी, प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांना त्यात घेतले होते. निम्म्यांना तेथील नेहमीचे उपचार; उरलेल्यांना त्याशिवाय घरी जाण्यापूर्वी तासाभराची एक शांत बातचीत, आणि त्यानंतर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या व अकराव्या आठवड्याला आणि चौथ्या, सहाव्या, बाराव्या व अठराव्या महिन्याला दूरध्वनीने किंवा प्रत्यक्ष घरी जाऊन विचारपूस, अशा नऊ भेटी. दीड वर्षाने मोजदाद केली तेव्हा नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत १८ जणांनी आत्महत्या केलेली होती, आणि ज्यांची विचारपूस होत राहिली त्यांच्यात दोघांनी. शेकडा २.२ आणि ०.२. या कामाला महागडी यंत्रे लागली नाहीत की नवी औषधे. तास-दोन तासांचे बोलणे, एक नोंदवही आणि ठरल्या दिवशी ती उघडणारे माणूस, एवढेच लागले. चेन्नईत हे काम उभे करण्यात ज्यांचा पुढाकार होता त्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ सालीच काढली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. अनोळखी माणसाचे दुःख त्याला न अडवता ऐकून घेण्याची जी सवय अशा संस्थांतून जोपासली जाते, तिच्यावाचून नऊ भेटींचे वेळापत्रक हा केवळ एक तक्ता राहिला असता.

या उपायाचा गुण कशात आहे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. समाजाशी असलेले धागे सैल झाले की माणूस आत्महत्येकडे झुकतो, हे समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ सालीच मांडले होते. थॉमस जॉइनर याने २००५ साली त्याच विचाराला मनोविज्ञानाची जोड देऊन, आपण कोणाचेच नाही आणि आपण सर्वांवर भार झालो आहोत, या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा जन्म घेते, असे प्रतिपादन केले. माझ्या मते मुख्य गोष्ट याहून साधी आहे. आपल्या सर्व व्यवस्था रुग्णाने यावे, रुग्णाने विचारावे, रुग्णाने रांगेत उभे राहावे, अशा गृहीतकावर उभ्या आहेत. आणि ज्याला सकाळी अंथरुणातून उठणेही जड जाते, ज्याला एसटीचे भाडे मागताना घरच्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते, त्याच्यावर हा भार टाकणे म्हणजे त्याला न येण्यास सांगण्यासारखेच आहे. पत्र असो वा दूरध्वनी, त्यात पाऊल उचलण्याची जबाबदारी संस्थेकडे जाते. दिशा बदलते. कार्यालयांत ‘पाठपुरावा’ हा शब्द आपण प्रकरणाच्या, दरखास्तीच्या बाबतीत रोज वापरतो. तेवढीच निष्ठा जिवंत माणसाच्या बाबतीत दाखवावी, एवढीच ही मागणी आहे.

काय बोलावे, याचाही विचार व्हायला हवा. मराठीत ‘समाचार घेणे’ या वाक्प्रचाराला दोन अर्थ आहेत, आजाऱ्याची विचारपूस करणे आणि अपराध्याला खडसावणे. आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्याच्या वाट्याला घरीदारी दुसऱ्या अर्थाचाच समाचार येतो. ‘पोरांचा तरी विचार करायचास’, ‘आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस’ ही वाक्ये उच्चारणाऱ्यांचे प्रेम खोटे नसते. भेदरलेल्या प्रेमाचीच ती भाषा असते. पण ऐकणाराच्या मनात भार झाल्याची जी भावना आहे तिला ती दुजोरा देते. विचारपूस करणाऱ्याने म्हणून ‘जेवण झालं का’, ‘झोप लागते का’, ‘परवा सांगत होतात त्या गाईचं काय झालं’ अशा वाटेने जावे. आणि मरणाचे विचार अजून येतात का, हेही स्पष्ट शब्दांत, न कचरता विचारावे. असे विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत, उलट बोलून दाखवण्याची मोकळीक मिळते, हे आता निःसंदिग्धपणे कळलेले आहे. उत्तर होकारार्थी आले तर पुढे कोणाकडे न्यायचे, हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक हवे. १४४१६ या क्रमांकावरील सरकारी ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

गुप्ततेचा प्रश्न आपल्याकडे फार नाजूक आहे. उघडे पोस्टकार्ड गावात पोस्टमनपासून ओसरीवरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांनी वाचलेले असते; आणि मोबाइल आला तरी घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असला, तर सुनेशी मोकळेपणी बोलणार कसे? खाटेवर असतानाच तिला एकटीला गाठून, कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी, कोणाचे नाव सांगून फोन केलेला चालेल, हे विचारून लिहून ठेवावे लागेल. ‘बचत गटातून बोलते’ असे म्हणायचे तिनेच सुचवले तर ते मानावे.

आणि मग कायदा. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला, एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली, आणि त्या भयाने ‘वाऱ्यानं तोंडात गेलं’ या उत्तराला जन्म दिला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, मानसिक आजाराने पीडित अशा एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनाबाह्य ठरवले. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आणि तुरुंगाची नव्हे तर उपचाराची गरज असलेल्याला शिक्षा देण्यातील निर्दयता त्या निकालाने महाराष्ट्रापुढे मांडली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तेच मत घेतले, परंतु १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कलम पुन्हा वैध ठरवले. शेवटी २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने, प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरून त्याला शिक्षेतून वगळले. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचा अपवाद सोडता, तो गुन्हाच उरला नाही. पण ११५ व्या कलमाचा दुसरा भाग कोणी फारसा वाचत नाही. अशा माणसाची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करणे आणि पुन्हा तसा प्रसंग येण्याचा धोका कमी करणे, हे शासनाचे कर्तव्य असल्याचे त्यात लिहिले आहे. विचारपूस ही म्हणजे कोणा सहृदय डॉक्टरची मेहेरबानी राहिलेली नाही. ती देणे आहे, आणि ते थकलेले आहे.

एवढी माणसे आणायची कोठून, ही सबब नेहमी पुढे येते. मनोविकारतज्ज्ञ थोडे आहेत हे खरे. पण पाच शहरांतील त्या अभ्यासात विचारपूस करणारे सगळे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, परिचारिका व मानसशास्त्राचे जाणकारही होते. विदर्भातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने गावचेच कार्यकर्ते हाताशी धरून नैराश्यग्रस्तांपर्यंत पोहोचण्याचे काम केले, तेव्हा मदत मागणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. गर्भवतीच्या खेपा आणि बाळाच्या लसी यांच्या तारखा वहीत लिहून दारोदार जाणाऱ्या आशाताई आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या ओझ्यात फुकटची भर घालावी असे मी म्हणत नाही, त्यांना या कामाचे शिक्षण आणि रीतसर मोबदला दोन्ही मिळाले पाहिजेत. पण ठरल्या तारखेला ठरल्या माणसाकडे जाण्याची रीत आपल्याला अनोळखी नाही, एवढे त्यावरून दिसते.

समजा, यवतमाळकडचा एखादा कापूस-सोयाबीनवाला शेतकरी ५ जूनला जिल्हा रुग्णालयातून घरी गेला. त्या दिवशी नोंदवहीत त्याच्या नावासमोर नऊ तारखा लिहिल्या, तर पहिला फोन १२ जूनला, मृग लागून पाच दिवस झाले असता, बियाण्याची उधारी मागायला जावे की नाही या विचारात तो असताना जाईल. दुसरा १९ ला, पाऊस आला तर पेरणीत आणि नाही आला तर आभाळाकडे पाहताना. तिसरा ३ जुलैला, दुबार पेरणीची भीती असते तेव्हा. चौथा २४ जुलैला निंदणीत. पाचवा २१ ऑगस्टला, पोळ्याच्या आगेमागे. सहावा ५ ऑक्टोबरला, सोयाबीन खळ्यावर येताना. सातवा ५ डिसेंबरला, कापसाची वेचणी चालू असताना आणि सावकार हिशेब घेऊन बसला असताना. आठवा पुन्हा जूनमध्ये, दुसऱ्या मृगाच्या तोंडावर. आणि नववा त्याच्या पुढच्या ५ डिसेंबरला, दुसऱ्या वर्षीचा कापूस गाडीत भरला जात असताना.